कुंडीतल्या विस्टेरियाची पानं पिवळी पडली, तर औषधाआधी काय बघायचं?

कुंडीतल्या विस्टेरियाची पानं पिवळी पडायला लागली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी सांगतं लोह कमी पडलंय, कुणी म्हणतं खत घाला, कुणी पाणी तोडायला सांगतं, तर कुणी वाढवायला. हे चारही सल्ले बरोबर असू शकतात, पण एकाच वेलाला एकाच वेळी नाही. शिवाय चुकलेला उपाय नुसता वाया जात नाही. मुळं कुजत असलेल्या कुंडीत खत घातलं, तर उरलीसुरली मुळंही जातात.

म्हणून या लेखात उपायांपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे. पिवळं पान नीट पाहिलं तर कारणाचा निम्मा अंदाज तिथेच येतो. उरलेला निम्मा मुळांपाशी मिळतो. आणि कुंडीतल्या झाडाबाबत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: बऱ्याचदा अन्न मातीत असतंच, मुळांना ते उचलता येत नसतं. हे लक्षात न घेता बाटल्या ओतत राहिलं की चांगला वेल हातचा जातो.

## पिवळा रंग येतो कुठून?

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. पानात पिवळी रंगद्रव्यंही पहिल्यापासून असतात, पण हिरव्यापुढे ती दिसत नाहीत. हरितद्रव्य कमी झालं की ती उघडी पडतात. म्हणजे पानाला पिवळं करणारं काही बाहेरून आलेलं नसतं, हिरवं गेलेलं असतं.

हिरवं दोन वाटांनी जातं. एक तर झाड आधी बनवलेलं हरितद्रव्य मोडून त्यातला माल दुसरीकडे नेतं, नाहीतर नवं हरितद्रव्य बनतच नाही. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे म्हणजे नायट्रोजनचे चार. लोह त्या रेणूत नसतं, पण लोहाशिवाय तो रेणू तयार होऊ शकत नाही. नत्र, मॅग्नेशियम आणि लोह ही तीन नावं पुढे पुन्हापुन्हा येतील.

## सगळंच पिवळेपण आजार नसतं

विस्टेरिया पानगळीचा वेल आहे. थंडीच्या तोंडावर त्याची सगळी पानं पिवळी होऊन गळणं हा त्याचा नेमच आहे, त्यावर उपाय शोधू नये. भर वाढीच्या दिवसांतही दाट फांद्यांच्या आत, सावलीत दडलेली चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन पडतात. नव्या कुंडीत लावल्यावर किंवा जागा बदलल्यावर काही पानं टाकून देणं हेही स्वाभाविक आहे. अगदी कोवळी पालवी मुळातच फिकट किंवा तांबूस असते, तिच्यावरून काही ठरवू नये. पूर्ण उलगडलेलं पान बघावं.

काळजी करायची ती वाढीच्या हंगामात पिवळेपण पसरत जात असेल तर.

## कोवळं पान की जून पान?

आता मुख्य तपासणी. एक लांब फांदी हातात धरा आणि शेंड्यापासून बुंध्याकडे बघत या. पिवळी पानं शेंड्याकडे आहेत की बुडाकडे?

इथे विस्टेरियाच्या बाबतीत एक गल्लत हमखास होते. आपल्याला जे छोटं पान वाटतं, ती खरं तर एका मोठ्या पानाची पर्णिका असते. एका देठावर दोन्ही बाजूंना मिळून चिनी विस्टेरियात साधारण 7 ते 13 आणि जपानी विस्टेरियात 11 ते 19 पर्णिका असतात. तो अख्खा संच म्हणजे एक पान. त्यामुळे पर्णिका लहान आहे म्हणून पान कोवळं समजू नका. ते फांदीवर कुठे फुटलंय यावरून त्याचं वय ठरवा.

जागेला इतकं महत्त्व का, तर काही पोषणद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात आणि काही येत नाहीत. घरात तंगी आली की मोठी माणसं आपल्या ताटातली भाकरी मुलांच्या ताटात सरकवतात. नत्र आणि मॅग्नेशियम यांचं झाडात असंच होतं. पुरवठा आटला की झाड जून पानांतलं काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात आणि शेंडा हिरवा राहतो. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही. त्याचा पुरवठा तुटला तर जुनी पानं हिरवीच राहतात आणि झळ थेट नव्या पानांना लागते.

यानंतर पान उजेडासमोर धरा आणि शिरा बघा.

बुडाकडची पानं शिरांसकट एकसारखी फिकी पिवळी होत असतील आणि वाढही मंदावली असेल, तर संशय नत्रावर घ्यावा. बुडाकडचीच पानं, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियम. शेंड्याकडची पानं पिवळी आणि त्यात हिरव्या शिरांची नाजूक जाळी उठून दिसत असेल, तर लोह. लोहाची टंचाई फार वाढली तर ही नवी पानं जवळजवळ पांढुरकी होतात आणि कडेने करपतात. मँगनीज कमी पडल्यावरही कोवळ्या पानांवर बरंचसं असंच चित्र दिसतं, नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळं काढणं अवघड जातं. सुदैवाने कुंडीत दोहोंचं कारण बहुधा एकच असतं, त्याकडे आता येऊ.

वरची-खालची, कोवळी-जून सगळीच पानं एकदम मलूल आणि पिवळी असतील, तर अन्नद्रव्यांचा विचार बाजूला ठेवून सरळ पाण्याच्या भागाकडे जा.

## मातीत लोह भरपूर असतं, मग झाडाला का मिळत नाही?

विस्टेरियाला लोहाची टंचाई सहज भासते, आणि ही टंचाई बहुतेक वेळा लोह संपल्यामुळे होत नाही. तिचं कारण सामू हे असतं. सामू म्हणजे माती किंवा पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, हे सांगणारा आकडा. 7 म्हणजे मधोमध, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. विस्टेरियाला 6 ते 7 च्या दरम्यानची माती मानवते.

सामू वर गेला की लोह पाण्यात विरघळेनासं होतं, आणि मुळं फक्त विरघळलेलंच लोह घेऊ शकतात. हवा खेळणाऱ्या मातीत सामू एका अंकाने वाढला की विरघळलेलं लोह सुमारे हजारपटीने घटतं. आकडा एकाने सरकला तर काय मोठंसं, असं वाटतं. पण वेलाच्या दृष्टीने तो एक अंक फार मोठा आहे. उंच सामूला मँगनीजही तसंच अडकतं, म्हणून दोन्ही टंचाया अनेकदा जोडीने येतात.

हा सामू कुंडीत चढतो कसा? कुंडी भरायला मातीचं मिश्रण घेतलं तेव्हा तर ते चांगलं होतं. चढतो तो पाण्यामुळे. जड पाण्यात, म्हणजे ज्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात त्या पाण्यात, बायकार्बोनेट असतं. दर वेळी पाणी घातलं की ते थोडं थोडं मातीतलं आम्ल मारत जातं. जमिनीत मातीचा साठा मोठा असल्याने हा परिणाम हळू जाणवतो. कुंडीत काही बादल्या मिश्रण असतं आणि त्याच्या कितीतरी पट पाणी एका हंगामात त्यातून जातं. दोन-तीन वर्षांपूर्वी टवटवीत असलेला वेल काहीही न बदलता पिवळा पडू लागला, तर जड पाण्याची शक्यता मी सगळ्यांत आधी तपासेन.

तपासणी घरी होते. कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्या आणि तासभर निथळू द्या. मग वरून थोडं डिस्टिल्ड पाणी सगळीकडे सारखं ओता आणि कुंडीच्या भोकातून येणारं अर्धी वाटी पाणी भांड्यात धरा. सामू मोजायची पट्टी किंवा छोटा मीटर त्यात बुडवा. आकडा 7.5 च्या पुढे असेल आणि शेंड्याकडच्या पानांत हिरवी जाळी असेल, तर निदान जवळजवळ पक्कं. आकडा 6 च्या आसपास असेल तर लोहाची बाटली आणायची घाई करू नका, मुळं बघा.

निदान पक्कं झालं तर तात्पुरता उतारा म्हणजे चिलेटेड लोह. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. त्याच्या पकडीत असेपर्यंत लोह मातीत अडकत नाही. पण सगळ्या चिलेटांची पकड सारखी नसते, आणि लोकांचे पैसे इथेच वाया जातात. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साधारण 6.5 च्या वर गेला की सुटायला लागतं. डीटीपीए सातच्या थोडं पुढेपर्यंत टिकतं. त्याहून अल्कधर्मी मिश्रणात ईडीडीएचए हाच प्रकार मातीत घालायला उपयोगाचा. त्याचं द्रावण गडद लाल दिसतं. पाकिटावर नुसतं ‘चिलेटेड आयर्न’ लिहिलेलं असेल तर बारीक अक्षरांत प्रकार शोधा, आणि मात्रा पाकिटावर असेल त्याहून वाढवू नका.

कायमचा इलाज पाण्यातच आहे. शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून तेच द्यावं. पुढच्या वेळी कुंडी बदलताना जुनं मिश्रण बरंचसं काढून टाकावं. मिश्रणात गंधकाची भुकटी घातली तर सामू उतरतो, पण ते काम मातीतले जिवाणू करतात आणि त्याला आठवडे-महिने लागतात.

## खिळे, लिंबू, व्हिनेगर, कॉफी चालणार नाही का?

गंजका खिळा कुंडीत खुपसण्याचा उपाय फार जुना आहे. पण गंज म्हणजे लोहाचं तेच न विरघळणारं रूप, जे मातीत आधीपासून पडलेलं आहे. सामू उंच असताना त्यात भर घालून काही साधत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर पाण्यात घातल्याने सामू घटकाभर उतरतो, मग पूर्वपदावर येतो. आणि अंदाजाने जास्त पडलं तर नाजूक मुळांची टोकं भाजतात. वापरलेल्या कॉफीचा चोथा लोकांना वाटतो तितका आम्लधर्मी नसतो, आणि कुंडीच्या पृष्ठभागावर त्याचा थर साचला तर पाणी झिरपायला अडथळा होतो.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे, त्यात विरघळणारं लोह असतं. पण अल्कधर्मी मिश्रणात तेही लवकरच गंजासारख्या रूपात जातं, त्यामुळे परिणाम थोडे दिवस टिकतो.

मॅग्नेशियमची खूण असेल तर मात्र स्वस्त आणि चांगला उपाय आहे: एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम विरघळवून उन्हं उतरल्यावर पानांवर फवारावं, पंधरा दिवसांनी पुन्हा. खूण नसताना फवारू नका. आणि पालाशयुक्त, म्हणजे पोटॅशियमचं, खत सढळ हाताने चालू असेल तर आधी ते आवरा, कारण पालाश जास्त झालं की मुळांना मॅग्नेशियम घेणं जड जातं.

## शेंगवर्गीय वेल, मग त्याला नत्र कसं कमी पडेल?

हा प्रश्न रास्त आहे. विस्टेरिया वाटाणा-घेवड्याच्याच कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र त्याला मिळवून देतात. पण हे जिवाणू मातीत असावे लागतात. कोकोपीट-परलाईटसारख्या माती नसलेल्या मिश्रणात योग्य जिवाणू असतीलच असं नाही. असले तरी गाठींना हवा लागते, चिखल झालेल्या कुंडीत त्या नीट काम करत नाहीत.

तेव्हा नत्राची खूण स्पष्ट असेल तर वाढीच्या दिवसांत सौम्य, संतुलित खत द्यायला हरकत नाही. फक्त हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की विस्टेरिया पानांनी भरून जातो आणि फुलं रुसतात.

## पाणी आणि मुळं: खूण काहीही असो, इथे बघाच

समजा पानांवर लोहटंचाईची खूण अगदी स्पष्ट आहे. तरीही मुळं बघा. लोह उचलण्याचं काम मुळांची कोवळी, जिवंत टोकं करतात, आणि त्यांना त्यासाठी प्राणवायू लागतो. कुंडीत पाणी साचून राहिलं की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा जाते, टोकं मरतात, आणि मातीत लोह असूनही शेंडा पिवळा होतो. नत्राचंही तेच. म्हणजे पानावरची खूण खरी, पण तिच्यावरून बाटली आणणं चूक, कारण बिघाड मुळांच्या श्वासात आहे.

आणखी फसवणारी गोष्ट अशी की जास्त पाण्याने मुळं मेलेला वेल तहानलेल्यासारखाच मान टाकतो. मुळंच नसली तर पाणी वर जाणार कसं? तो सुकलेला बघून माणूस आणखी पाणी घालतो. कुंडीतले कितीतरी वेल अशा मायेनेच मरतात, आणि हे टाळणं अगदी सोपं आहे म्हणून मला त्याचं फार वाईट वाटतं.

बोट दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागत असेल तर पाणी नको. कुंडी उचलण्याजोगी असेल तर पाणी दिल्यावरचं आणि कोरडी असतानाचं वजन हाताला ओळखीचं करून घ्या, कुठल्याही मीटरपेक्षा ते भरवशाचं. खालच्या थाळीत पाणी उभं राहू देऊ नका. कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर दिला की निचरा सुधारतो हा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, ते तिच्या वरच अडून राहतं. खडीने ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर मिश्रणच मोकळं हवं आणि कुंडीची भोकं उघडी हवीत.

शंका राहिली तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा हलकेच बाहेर सरकवा. वेल मोठा असेल तर कडेची माती उकरून बघितली तरी चालेल. निरोगी मुळं फिकट आणि टणक असतात. कुजलेली मुळं तपकिरी-काळी, मऊ असतात, वरची साल ओढली की निघून आतला दोरा हातात राहतो, आणि वासही येतो. कूज असेल तर मेलेली मुळं कापून टाका, ताज्या मोकळ्या मिश्रणात लावा, सावलीत ठेवा आणि नवी वाढ दिसेपर्यंत खताला हात लावू नका.

## की कुंडीच अपुरी पडलीय?

गोळा बाहेर काढल्यावर माती दिसतच नसेल, नुसती मुळांची वेटोळी असतील, तर कारण समोरच आहे. अशा कुंडीत ओतलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. पानं पिवळी होतात, कडा करपतात, रोज पाणी घालूनही दुपारी वेल मलूल असतो.

विस्टेरियाचा आवाका आठवला तर यात नवल नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिएरा माद्रे इथे 1894 साली लावलेला एक चिनी विस्टेरिया आता एकराहून जास्त जागा व्यापतो, आणि तोही आणला तेव्हा छोट्या डब्यातलं रोपच होता. अशा वेलाला आपण कुंडीत राहायला सांगतो, तेव्हा त्याच्या मुळांची काळजी आपणच घ्यायला हवी. निदान 45 सेंटीमीटर रुंदीची जड कुंडी, दर दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदलणं, आणि त्याच वेळी मुळांचा बाहेरचा थर छाटणं. हे काम वेल निष्पर्ण असताना, कळ्या फुगायच्या आधी करावं. भर उन्हाळ्यात पानांनी लदलेल्या वेलाची मुळं छाटू नयेत.

मातीवर किंवा कुंडीच्या काठाला पांढरा क्षार जमला असेल आणि पानांच्या कडा तपकिरी होत असतील, तर खतातले आणि पाण्यातले क्षार साठले आहेत. निचरा चांगला असेल तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा आणि महिनाभर खत बंद ठेवा.

## कीड आणि विषाणू

पिवळेपण शिरांच्या हिशेबाने नसून बारीक ठिपक्यांचं असेल तर पान उलटं करा. खाली बारीक जाळी आणि हलणारे कण दिसले तर ते लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत ते वाढतात, पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला की बरेच कमी होतात. फांद्यांवर चिकटलेले खवले आणि पानांवर चिकट थर असेल तर खवले कीड.

क्वचित एखाद्या वेलाच्या पानांवर शिरांच्या कडेने पिवळे-हिरवे वेडेवाकडे पट्टे उमटतात आणि पर्णिका पिळवटतात. विस्टेरियाचा एक विषाणू असं करतो आणि तो मावा किडीबरोबर पसरतो. त्यावर औषध नाही. अशा वेलापासून कलमं करू नका, आणि त्याला वापरलेली कात्री पुसून निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

## उपाय लागू पडला हे कसं कळतं?

पिवळी झालेली जून पानं पुन्हा हिरवी होण्याची वाट बघू नका, ती बहुतेक गळतातच. नजर ठेवायची ती त्यानंतर फुटणाऱ्या पानांवर. लोह दिल्यावर नवी पानं दोन-तीन आठवड्यांत हिरवी यायला हवीत. कुजलेली मुळं छाटून लावलेला वेल याहून बराच जास्त वेळ घेतो. या काळात एकावेळी एकच गोष्ट बदला. लोह, खत आणि नवी जागा असं सगळं एकदम केलं तर वेल सुधारला तरी कशाने ते कळणार नाही, आणि बिघडला तरी कळणार नाही.

सगळीच पानं गळली तरी लगेच वेल उपटू नका. पातळ फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर तसंच खरवडत बुंध्याकडे जा आणि हिरवं लागेल तिथवर छाटा. कलमी वेल असेल तर नवा फुटवा कलमाच्या जोडाच्या वर येतोय की खाली, हे तपासा. जोडाखालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याचा, असतो. वरचं कलम जिवंत असेल तर तो काढून टाका, कारण वाढीच्या जोरावर तो कलमाच्या वाट्याचं सगळं पाणी आणि अन्न खातो.